चाळीस वर्षांचं पीक

आधी टायरमधली थोडी हवा सोडा. डांबरी रस्त्यावरून आणलेला टणक टायर अंगठ्याखाली जरासा दबला पाहिजे. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचा ट्यूबलेस टायर असेल तर तीस-पस्तीस पीएसआय पुष्कळ. याहून जास्त हवा असली की चाक दगडादगडावर उडतं, हात बधिर होतात आणि नजर पुढच्या दोन मीटरांतच अडकून पडते. आज नजर मोकळी हवी आहे.

आपण इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडमध्ये आहोत. मागे कील्डर कॅसल आहे, १७७५ साली नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने शिकारीसाठी बांधलेला वाडा. समोर साठ हजार हेक्टरांचं कील्डरचं जंगल. इथूनच २०१६पासून 'डर्टी रीव्हर' नावाची २०० किलोमीटरची ग्रॅव्हल राइड निघते, आणि त्या दिवशी हे अंगण सायकलींनी भरून जातं. आज कुणी नाही. ब्लेकहोप निक नावाची खिंड चढायची आणि पलीकडे बर्नेसच्या बाजूला उतरायचं, एवढाच बेत आहे. अंतर साधारण १९ किलोमीटर. सराव असलेला सायकलवाला तासाभरात पार करेल. आपण अख्खी सकाळ घेऊ.

एप्रिलची सुरुवात आहे. ढग टेकड्यांच्या निम्म्यावर उतरले आहेत. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घ्या आणि निघा.

पहिला किलोमीटर काही पाहायचं नाही, फक्त चाकाखालचा आवाज ऐकायचा. ओल्या खडीवर तो जाड आणि भरीव येतो. चाक कडेच्या सुट्या खड्यांवर गेलं की लगेच पातळ होऊन चुरचुरतो. थोड्या वेळाने डोळ्यांच्या आधी कानाला कळायला लागतं की रस्ता कुठे दाबलेला आहे आणि कुठे नाही. मग खाली पाहा. रस्त्यात घट्ट बसलेल्या दोन पट्ट्या आहेत आणि त्यांच्या मध्ये सुट्या खड्यांचा उंचवटा. उंचवट्यावर शेवाळ धरलं असेल तर बरेच दिवसांत इथून जड वाहन गेलेलं नाही. खडे ताजे उसकटलेले असतील तर आज-उद्या जाणार आहे. डावीकडची पट्टी धरा आणि तिच्यावरच राहा.

आता रस्त्याची पाठ बघा. मध्ये उंच, दोन्ही कडांना उतरती, कडेला चर, आणि थोड्या थोड्या अंतरावर चरातलं पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारी मोरी. इथली जमीन पाणी धरून ठेवणारी आहे, आणि पाऊस म्हणाल तर बाराही महिने. पाणी रस्त्यावर थांबलं की रस्ता संपला. म्हणून हा सगळा खटाटोप. चढही पाहा किती समजूतदार आहे. एकदम अंगावर येत नाही. वळणं ऐसपैस आहेत. सायकल चालवणाऱ्याला वाटतं, हे कुणी आपल्यासाठीच आखलं. हा उतार ४४ टनांच्या भरलेल्या ट्रकला पेलावा म्हणून इतका सौम्य आहे, आणि लांब ओंडके घेऊन जाणाऱ्या गाडीचं मागचं चाक चरात जाऊ नये म्हणून वळण इतकं मोकळं सोडलं आहे.

ही गोष्ट थोडा वेळ मनात राहू द्या. आपल्या मांड्यांना मिळणारा आराम दुसऱ्याच कुणाच्या ओझ्याच्या हिशोबाने मोजलेला आहे. आपण इथे आगंतुक आहोत. आपल्याला येऊ दिलं आहे.

रस्ता म्हटला की तो करणारे हातही आले. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारी टोकाला गेली होती, तेव्हा श्रम मंत्रालयाने बेकार पुरुषांसाठी छावण्या काढल्या होत्या. त्यांतली एक कील्डरला होती. कोळशाच्या खाणी आणि जहाजांच्या गोदी बंद पडल्यामुळे घरी बसलेली माणसं अशा छावण्यांत यायची आणि जमीन साफ करणं, चर खणणं, रस्ते घालणं ही कामं करायची. खाणीत मुरलेला माणूस उघड्या माळावर, पावसात, कुदळ मारतो आहे. त्याला ज्या जंगलासाठी रस्ता करायला लावलं, ते जंगल कशासाठी लावत होते हे थोडं पुढे गेल्यावर बोलू, कारण त्यातच या जागेचं सगळं मर्म आहे.

आता उजवीकडची झाडं रस्त्याच्या अगदी जवळ आली आहेत. थांबा. एक पाय खाली टेका.

आत पाहा. खोडांची पहिली रांग स्पष्ट दिसते, दुसरी दिसते, तिसरी अर्धी दिसते आणि त्यापलीकडे काळोख. वीसेक वर्षांची लागवड आहे. खालच्या फांद्या वाळून करड्या झाल्या आहेत, एकमेकींत अडकल्या आहेत. जमिनीवर तपकिरी सुयांचा थर, बाकी काही नाही. गवत नाही, झुडूप नाही. प्रकाश वरच्या वर शोषला जातो.

कडेच्या झाडाची एक हिरवी डहाळी हातात घ्या, पण हलक्या हाताने. सुया चपट्या, ताठ आणि टोकाला खरोखर टोचणाऱ्या आहेत. डहाळी उलटी करा. खालच्या बाजूला दोन निळसर पांढरे पट्टे दिसतील. वाऱ्यात अख्खं जंगल मधूनच राखाडी-निळं होतं ते यांच्यामुळे. हा सिटका स्प्रूस. अलास्कापासून कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापर्यंत, पॅसिफिकच्या ओल्या किनाऱ्यावर वाढणारं झाड. डेव्हिड डग्लस नावाच्या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने १८३१ साली त्याचं बी ब्रिटनमध्ये आणलं. इथला पाऊस, इथला गारवा, इथली निकस आंबट जमीन, सगळं त्याला मानवलं. आज कील्डरमधल्या चार झाडांपैकी तीन सिटका आहेत.

अशा रांगेसमोर मन आपोआप खुलत नाही. त्याला जबरदस्ती करू नका. मला या वयाची लागवड आवडत नाही. तिच्यासमोर उभं राहिलं की छातीत काहीतरी आखडतं. पण ते आखडणं सोबत घेऊनच इथे मिनिटभर थांबावं, असं माझं मत आहे. सुंदर ते पाहायचं आणि बाकीच्या ठिकाणी जोरात पॅडल मारायचं, अशाने जंगल निम्मंच दिसतं.

बल्लारपूर-चंद्रपूरकडे सागाच्या रोपवनातून गेलेल्या माणसाला ही सरळ रांग ओळखीची वाटेल. तिकडे कूप, विरळणी, डेपो हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि महाराष्ट्राचं वन विकास महामंडळ १९७४पासून हेच काम करतं आहे. ही ओळख नुसती वरवरची नाही. ब्रिटनमध्ये शास्त्रशुद्ध वनशेतीचं शिक्षण रुजवणारे विल्यम श्लिख आधी हिंदुस्थानात वनखात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. पुढे ते ऑक्सफर्डला शिकवायला लागले, आणि तिथे शिकलेला रॉय रॉबिन्सन हा ऑस्ट्रेलियन तरुण पुढे ब्रिटनच्या फॉरेस्ट्री कमिशनचा अध्यक्ष झाला. १९४७ साली उमराव झाल्यावर त्याने आपल्या पदवीत कील्डरचं नाव घेतलं. रांगेने झाडं लावायची, वर्षांचा तक्ता करायचा, ठरल्या वयाला तोडायची, ही विद्या आपल्या जंगलांतही वावरून इथे पोचली आहे. (तिकडे सायकल घालण्याआधी मात्र वनखात्याची परवानगी घ्या. ताडोबाच्या भोवतालच्या रोपवनांत वाघ फिरतात, आणि तो रस्ताही तुमच्याआधी त्यांचा आहे.)

निघा. आता चढ खरा सुरू होतो. गिअर हलका करा आणि बसूनच चढा. उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार सुटतो आणि ते सुट्या खडीवर जागच्या जागी फिरतं. वेग इतका उतरू द्या की शेजारच्या चरातलं पाणी कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसेल.

आता ते राहिलेलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये जेमतेम पाच टक्के जमिनीवर झाडं उरली होती. लाकूड बाहेरून यायचं, आणि जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडवला तेव्हा ते येईना. सगळ्यांत मोठी अडचण कोळशाच्या खाणींची झाली. खाणीत छताला लाकडी टेकू लागतात. टेकू नाही तर कोळसा नाही, आणि त्या काळी कोळसा नाही तर जहाज नाही, रेल्वे नाही, पोलाद नाही. लोखंडी खांबापेक्षा खाणकामगाराचा लाकडावर भरवसा जास्त. लाकूड मोडण्याआधी करकरतं, सावध करतं. युद्ध संपल्यावर १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं, पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून. या खोऱ्यात १९२६ साली लागवड सुरू झाली. इथून पूर्वेला नॉर्थम्बरलंड आणि डरहमच्या खाणी होत्याच.

म्हणजे खाणीतून बाहेर फेकला गेलेला माणूस इथे येऊन खाणीच्या टेकूंसाठी रस्ता खणत होता.

आणि झाडं वाढली तोवर खाणींत टेकूंच्या जागी पोलादी आधार आले. मग एकेक खाण बंद झाली. ईशान्य इंग्लंडमधली शेवटची खोल खाण, एलिंग्टन, २००५ साली बंद पडली. ज्यासाठी हे सगळं लावलं ते कारणच राहिलं नाही. जंगल मात्र उभं होतं, आणि लाकडाला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली. आज इथलं सरळ जाड लाकूड सॉ मिलमध्ये फळ्या आणि वासे व्हायला जातं, मधलं पॅलेट आणि कुंपणाच्या खांबांना, बारीक ते हेक्समच्या कारखान्यात चिपबोर्डसाठी. ब्रिटन अजूनही आपल्या गरजेच्या लाकडाचे पाचातले चार हिस्से बाहेरून आणतो.

चढ अजून बराच आहे, तेव्हा हा प्रश्न सोबत घ्या. तुमच्या आयुष्यात असं काय आहे, जे एका कारणासाठी लावलं आणि उपयोगी पडलं दुसऱ्याच? परीक्षेसाठी शिकलेली एखादी भाषा असेल. नोकरीसाठी बदललेलं गाव असेल. उत्तर लगेच काढायची गरज नाही. आणि हेही लक्षात असू द्या की १९२६ साली ज्यांनी इथे पहिली रोपं लावली, त्यांच्या हिशोबात सायकल नव्हती. तुम्ही या जंगलाचा असाच एक न ठरवलेला उपयोग आहात.

या वळणापाशी झाडं जुनी आहेत, पस्तीस-चाळीस वर्षांची. वरून टणक, तुटक चिपचिप आवाज येतो आहे. मान वर करून पाहा. शेंड्यांवर लोंबणाऱ्या फळांत विटकरी रंगाचे आणि हिरवट पक्षी उलटेसुलटे लटकले आहेत. हा क्रॉसबिल. याच्या चोचीची दोन टोकं एकमेकांना ओलांडून जातात. तो चोच खवल्यांमध्ये सारतो, पिरगाळतो, खवला उचलला जातो आणि आतलं बी जिभेने काढतो. बी भरपूर असेल तर ऐन हिवाळ्यातही पिल्लं काढतो. रस्त्यावर पडलेलं एखादं फळ उचला. खवले कागदाइतके पातळ, कडेला चुरगळल्यासारखे. हातात दाबलं तर कुरकुरतं. लाल खारही यावरच जगते, आणि इंग्लंडमध्ये उरलेल्या लाल खारींचा मोठा हिस्सा याच जंगलात आहे. अमेरिकेतून आलेल्या करड्या खारीने तिला बाकी ठिकाणांहून हुसकलं. सिटकाचं बारीक बी करड्या खारीला पुरत नाही, म्हणून लाल खार इथे टिकून आहे. ही खार तिला हुसकणाऱ्या पाहुणीच्याच खंडातून आलेल्या झाडावर तग धरून आहे.

पुढच्या वळणावर झाडं एकदम संपतात. तिथे सायकल आडवी ठेवा. इथे आपल्याला बराच वेळ लागणार आहे.

उजवीकडचा सगळा उतार तोडलेला आहे. नजर जाईल तिथपर्यंत खुंट, फांद्यांचे लांब पट्टे, यंत्राच्या चाकांनी पाडलेले खोल घळ, त्यात साचलेलं चहाच्या रंगाचं पाणी. पलीकडच्या कडेला उभी राहिलेली झाडं अर्ध्यापर्यंत उघडी आहेत, कारण कालपरवापर्यंत ती आत होती. हवेत राळेचा वास आहे, आंबट, ताजा, नाकात चढणारा. तो आवडेल. आणि तो आवडतो आहे हे लक्षात आल्यावर क्षणभर कसंतरीही वाटेल.

दुःख झालं तर होऊ द्या. राग आला तरी येऊ द्या. पण लगेच पाठ फिरवू नका.

रस्त्यालगतच्या एका खुंटाजवळ उकिडवे बसा. कापलेल्या भागावर राळेचे बारीक थेंब जमले असतील. मध्यावर अंगठा ठेवा आणि बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकवत या. मधली वलयं रुंद आहेत, काही अर्धा सेंटिमीटर, काही त्याहून जास्त. त्या वर्षांत या झाडाला आकाश मोकळं होतं. मग शेजारची झाडं वाढली, फांद्या फांद्यांना भिडल्या आणि वलयं बारीक होत गेली. आता नीट पाहा, वलयं सगळीकडे सारखी नाहीत. मध्य बरोबर मध्ये नाही. एका बाजूला लाकूड जास्त आहे, किंचित गडदही आहे. सूचिपर्णी झाड वाऱ्याने कलू लागलं की ज्या बाजूला कलतं तिथे जास्त लाकूड घालून स्वतःला सावरतं. इथला वारा बहुतेक नैऋत्येचा, म्हणून रुंद बाजू ईशान्येला. चाळीस वर्षं कुणीतरी एकाच बाजूने ढकलत होतं, आणि त्याची नोंद इथे बोटाला लागते आहे.

या चाळीस वर्षांत तुमचं एखादं वर्ष शोधा. बाहेरून मोजत आत जा. जिथे अंगठा थांबेल तिथे थोडं थांबा. त्या वर्षी तुम्ही कुठे होतात, हे आठवा. त्या वर्षीही हे झाड इथे उभं होतं, तेवढं लाकूड घालत.

तोडणाऱ्यालाही बघायला हवं. उताराच्या वरच्या टोकाला पिवळं-हिरवं यंत्र दिसत असेल, तो हार्व्हेस्टर. काचेच्या केबिनमध्ये एकच माणूस. यंत्राचा हात झाड बुंध्याशी पकडतो, कापतो, आडवं करतो, खोडावरून सरकत फांद्या सोलून काढतो, लांबी आणि जाडी मोजतो आणि ठरल्या मापाचे तुकडे पाडतो. एका झाडाला एक मिनिटही लागत नाही. सोललेल्या फांद्या तो स्वतःच्या चाकांपुढे अंथरतो, म्हणजे मऊ जमिनीत यंत्र रुतत नाही. मागून दुसरं यंत्र येतं आणि तुकडे उचलून रस्त्याकडेला थप्प्या लावतं. एके काळी इथे कुऱ्हाडी, करवती आणि घोडे होते, आणि कामगारांची इतकी गरज पडेल असं वाटत होतं की थॉमस शार्प या नगररचनाकाराकडून जंगलासाठी नवी गावं आखून घेतली गेली. कील्डर, बर्नेस आणि स्टोनहॉ ही त्यांतली तीन. ती ठरवल्यापेक्षा लहानच राहिली. यंत्रं आली आणि माणसं लागेनाशी झाली. आपण ज्या गावाकडे निघालो आहोत तेही या जंगलाने काढलेलं एक वलय आहे.

आता घरातली एक लाकडी वस्तू डोळ्यांसमोर आणा. टेबल असेल, दाराची चौकट, पुस्तकांचं कपाट, कदाचित चिपबोर्डाचंच. तिचाही कुठेतरी एक खुंट आहे. तो तुम्ही कधी पाहणार नाही. हा पाहता आहात. जे आपण वापरतो ते कुठून येतं हे पाहायला इतकी उघडी जागा सहसा मिळत नाही, आणि म्हणून मला तोडलेला उतार टाळून जाणारा सायकलचा मार्ग आवडत नाही. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून जंगल झाकून ठेवणं हा पाहुण्यांचाही अपमान आहे.

दोन-तीन वर्षांत या उतारावर उंच गवत येईल. गवतात फील्ड व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर येतील. त्यांची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि कोसळते, आणि त्यावर इथली टॉनी घुबडं पिल्लं काढायची की नाही ते ठरवतात. कील्डरमध्ये घुबडांसाठी लावलेल्या पेट्यांवरून संशोधकांनी हे कित्येक दशकं टिपलं आहे. उभ्या सिटकाच्या काळोखात व्होल राहत नाही. त्याला हा उघडा उतारच लागतो.

उठा. गुडघे मोकळे करा आणि पुढे चला.

इथे लगेच पुन्हा लागवड होत नाही, कारण एक भुंगा आहे. पाइन वीव्हिल. ताज्या खुंटांत तो अंडी घालतो, त्यातून निघालेले भुंगे नव्या रोपांची साल खातात आणि रोपं मरतात. म्हणून बऱ्याचदा जमीन तीन-चार वर्षं तशीच पडू देतात. खुंट जुने होतात, भुंगा जागा बदलतो, मग रोपं येतात. पुढच्या टप्प्यावर ती दिसतील: यंत्राने उपसलेल्या मातीच्या लहान लहान उंचवट्यांवर वीतभर हिरवी टोकं. हेक्टरी अडीच हजारांहून जास्त. लावणारे नेमके तिथेच असले तर त्यांच्याकडे पाहत थोडं थांबा. कमरेला दोन पिशव्या, हातात अरुंद फावडं. फावडं मारायचं, मागे ओढून फट करायची, रोप आत, फावडं बाहेर, टाचेने दाबायचं, दोन पावलं पुढे. चांगला हात दिवसाला हजारावर रोपं लावतो. वाकायचं, उठायचं, वाकायचं. पायाखाली चिखल आणि वरून पाऊस.

आपल्याकडे एका पावसाचं पीक असतं, फार तर उसाचं अठरा महिन्यांचं. हे पीक चाळीस वर्षांचं. म्हणजे बरोबर एका माणसाच्या कामाच्या उमेदीएवढं. विशीत ज्याने हे रोप टाचेने दाबलं, तो निवृत्त होण्याच्या सुमारास ते तोडायला येईल. फार दूरचं नाही, फार जवळचंही नाही. पुढच्या पिढ्यांसाठी लावलं असं म्हणायची सोय नाही आणि स्वतःसाठी लावलं असंही म्हणता येत नाही. या अंतरावर विचार करणं माणसाला सगळ्यांत अवघड जातं, असं मला वाटतं. जरा प्रयत्न करून पाहा. आजपासून चाळीस वर्षं. तुमचं वय किती असेल ते मनात धरा आणि त्या वयाच्या माणसाला काय लागेल याचा अंदाज बांधा.

दुरून घरघर येते आहे. ट्रक आहे. सायकलवरून उतरा आणि ड्रायव्हरला लांबूनच दिसाल अशा बाजूला, चराच्या कडेला उभे राहा. त्याचे डोळे तुमच्याकडे वळेपर्यंत हलू नका. भरलेली गाडी उतारावर पटकन थांबत नाही. थप्पीवर बसून फोटो काढायचा मोह होईल. बसू नका, ओंडके सरकतात. 'काम चालू, प्रवेश बंद' असा फलक असेल तर परत फिरा, रविवार असला तरी, यंत्राचा आवाज येत नसला तरी. हार्व्हेस्टरच्या करवतीची साखळी तुटली तर तिचा तुकडा गोळीच्या वेगाने उडतो. केबिनच्या खिडक्या म्हणूनच जाड पॉलिकार्बोनेटच्या असतात. फाटकाला वळसा घालून आत शिरणारे सायकलवाले मी पाहिले आहेत. मला त्यांचा राग येतो. ज्याच्या रस्त्यावर आपण चालवतो त्याच्या कामात अडथळा करायचा नाही, एवढं तरी पाळायला हवं.

शेवटचा चढ. झाडं मागे राहतात, वारा समोर येतो. ब्लेकहोप निक, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून जास्त उंच. इंग्लंडमधल्या जंगलातल्या उंच रस्त्यांपैकी हा एक. मागे वळून पाहा. टेकड्यांवर वेगवेगळ्या वयाचे तुकडे दिसतात: गडद, फिकट, करडे, उघडे. जुन्या लागवडीच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या, त्या लोकांच्या डोळ्यांना खुपल्या. १९६०च्या दशकात फॉरेस्ट्री कमिशनने सिल्व्हिया क्रो या निसर्गरचनाकार बाईंना सल्लागार नेमलं आणि तिथून पुढे कडा टेकडीच्या वळणाप्रमाणे वळायला लागल्या.

काही ठिकाणी झाडं तोडलेली नाहीत, मोडलेली आहेत. २०२१च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळ आलं, एरवीच्या नैऋत्येऐवजी ईशान्येकडून, आणि एका रात्रीत इथली लाखो झाडं आडवी झाली. चाळीस वर्षं नैऋत्येच्या वाऱ्याशी झुंजायला शिकलेलं झाड. त्या रुंद वलयांची आठवण करा. पडलेल्या झाडाचं मूळ जवळून पाहिलंत तर थक्क व्हाल: तव्यावरची भाकरी उलथावी तसं मुळांचं अख्खं चकतं जमिनीवरून उचललेलं असतं, चार-पाच मीटर रुंद आणि जेमतेम हातभर जाड. खाली पाणथळ, हवा नसलेली माती. मूळ खोल जातच नाही. म्हणून इथे बऱ्याच भागात विरळणीही करत नाहीत. शेजारी काढला की उरलेल्यांच्या अंगावर वारा येतो.

आता उतार. हात हँडलच्या खालच्या भागावर, कोपर सैल, दोन्ही ब्रेक हलके आणि वळणाच्या आधी. नजर लांब. उतरता उतरता एका हिशोबाला बसू. समजा खालचा हा ओला उतार तुमच्या ताब्यात आहे आणि येत्या हिवाळ्यात रोपं सांगायची आहेत. वादळं वाढत आहेत. एकाच जातीवर सगळा भार टाकला तर एखादी नवी कीड सगळं संपवू शकते. हरणं कोवळी पानं खातात, भुंगा आहेच. देशाला लाकूड हवं आहे, आणि आपण लावलं नाही तर ते दुसऱ्या कुणाच्या जंगलातून येईल. जमिनीत ठिकठिकाणी पीट आहे, हजारो वर्षं पाण्यात कुजता कुजता राहिलेलं शेवाळ, ज्यात कार्बन साठलेला असतो आणि जे चर खणून कोरडं केलं की तो कार्बन हवेत जातो. पूर्वी त्यावरही झाडं लावली गेली. आता ५० सेंटिमीटरहून खोल पीटवर नवी लागवड करत नाहीत, आणि इथल्या काही दलदलींतून झाडं काढून, चर बुजवून पाणी परत अडवलं आहे.

माझं उत्तर असं आहे. निचरा होणाऱ्या मातीवर मी अजूनही सिटका लावेन, कारण त्याच्याइतकं लाकूड इथे दुसरं झाड देत नाही, आणि लाकूड वापरणाऱ्याने ते कुठेतरी लावलंच पाहिजे. मध्ये मध्ये दुसऱ्या जातींचे मोठे पट्टे घालेन, थोडं लाकूड कमी मिळालं तरी. ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना रुंद जागा सोडून तिथे बर्च, रोवन, आल्डर. खोल पीटला हात लावणार नाही. आणि दहा-वीस जुने सिटका असेच ठेवेन, न तोडता, दोनशे वर्षं वाढल्यावर ते इथे कसे दिसतात हे कुणाला तरी पाहता यावं म्हणून.

तुमचं उत्तर वेगळं असू शकेल. उतार लांब आहे. बर्नेस येईपर्यंत ठरवा.